एजंट नेमका कोणाचा?

मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिकमध्ये घर घ्यायला निघालेले मध्यमवर्गीय कुटुंब घराची पारख फार बारकाईने करते. नळाला पाणी किती वेळ असते, स्वयंपाकघरात ऊन येते का, स्टेशन चालत किती मिनिटांवर, हे सारे विचारले जाते. ज्याच्या मध्यस्थीने आयुष्यभराची बचत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणार, त्या एजंटाची पारख मात्र 'ओळखीतला आहे' किंवा 'एका टक्क्यात काम करतो' एवढ्यावरच आटोपते. गेल्या काही वर्षांत कायद्याने ही पारख बरीच सोपी केली आहे. मात्र कायद्याचे संरक्षण नेमके कुठपर्यंत पोहोचते, याविषयी ग्राहकांमध्ये मोठा गैरसमज आहे आणि त्याचा लाभ काही एजंट बिनदिक्कत घेत आहेत.

२०१७ पूर्वी या व्यवसायात शिरायला एक खुर्ची, एक फोन आणि 'येथे खोल्या भाड्याने मिळतील' अशी पाटी पुरेशी होती. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा, म्हणजेच रेरा, १ मे २०१७पासून पूर्णपणे लागू झाला आणि नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकण्यास मदत करणाऱ्या एजंटाला 'महारेरा'कडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी 'पी' अक्षराने, तर एजंटाचा 'ए' अक्षराने सुरू होतो. एजंटाने जुळवलेल्या प्रत्येक विक्रीत हा क्रमांक नमूद झालाच पाहिजे, असे कायद्याचे कलम ९ सांगते. नोंदणीविना काम करणाऱ्याला दररोज दहा हजार रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढचे पाऊल जानेवारी २०२३ मध्ये पडले. एजंटांनी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे, असा आदेश 'महारेरा'ने काढला. मुदत वाढत वाढत अखेर १ जानेवारी २०२४पासून ही अट लागू झाली. तिची पूर्तता न करणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी मे २०२४ मध्ये वर्षभरासाठी स्थगित करण्यात आली. ग्राहकाने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले नोंदणीपत्र खरे असेल, पण ते आजही जिवंत आहे का, हे भिंत सांगत नाही. 'महारेरा'च्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहणे हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. त्याच संकेतस्थळावर संबंधित प्रकल्पाच्या पानावर विकासकाने जाहीर केलेल्या एजंटांची नावेही असतात. 'आम्ही कंपनीचे अधिकृत' असे सांगणाऱ्याचे नाव तिथे नसेल, तर त्याचे कारण त्यालाच विचारावे.

संरक्षण कुठे संपते?

गैरसमज आहे तो इथेच. रेरा कायद्यातील एजंटाची व्याख्या प्रकल्पातील सदनिका वा भूखंडाच्या विक्रीभोवती फिरते. तीस वर्षे जुन्या सोसायटीतील घराची पुनर्विक्री आणि घर भाड्याने देण्याघेण्याचे व्यवहार तिच्या कक्षेत येत नाहीत. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांनाही नोंदणीतून सूट आहे. शहरी कुटुंबाचा एजंटाशी पहिला संबंध बहुधा भाड्याच्या घरासाठीच येतो. म्हणजे अननुभवी ग्राहक जिथे सर्वाधिक, तिथेच हा कायदा गैरहजर. दादरच्या जुन्या इमारतीतले घर दाखवताना एखादा एजंट 'मी महारेरा नोंदणीकृत आहे' असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्या नोंदणीचा त्या व्यवहारात ग्राहकाला फारसा उपयोग नसतो, हे तो सांगत नाही.

त्यामुळे एजंटांची तुलना करताना नोंदणी ही पहिली पायरी ठरते, शेवटची नव्हे. खरा प्रश्न वेगळाच आहे. हा माणूस पैसे कोणाकडून घेणार आणि म्हणून नेमके कोणासाठी काम करणार?

नव्या प्रकल्पात उत्तर सरळ आहे. तिथे एजंटाला, आजच्या भाषेत 'चॅनल पार्टनर'ला, दलाली विकासक देतो. ग्राहकाला काहीच द्यावे लागत नाही, म्हणून तो खूश असतो. पण ज्याची दलाली अधिक, तोच प्रकल्प 'तुमच्यासाठी अगदी योग्य' ठरण्याचा धोका इथे असतो. शिवाय ग्राहकाला पहिल्यांदा साइटवर कोणी आणले, यावर दलाली ठरत असल्याने ग्राहकाचे नाव एजंटाच्या खात्यावर 'टॅग' करण्याची चढाओढ असते. सहज चौकशी करताना कोणालाही मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून टाकणारा ग्राहक नकळत त्या एजंटाचा होऊन बसतो. नंतर भेटलेला, अधिक जाणकार एजंट त्या प्रकल्पापुरता त्याच्यासाठी काही करू इच्छित नाही, कारण त्याला काही मिळणार नसते. दोन-तीन एजंटांशी बोलून झाल्याशिवाय साइटवरच्या नोंदवहीत नाव-क्रमांक लिहू नये, ही खबरदारी त्यासाठीच.

पुनर्विक्रीत चित्र गुंतागुंतीचे होते. मुंबई-पुण्यात रूढ पद्धत अशी, की खरेदीदार आणि विक्रेता दोघेही प्रत्येकी एक ते दोन टक्के देतात. दोन एजंट असतील तर ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून घ्यायचे. याला धंद्यात 'साइड बाय साइड' म्हणतात. एकच एजंट असेल तर तो दोन्हीकडून घेतो. समजा घर ९० लाखांचे आहे आणि दलाली एक टक्का. खरेदीदाराने घासाघीस करून पाच लाख कमी करून घेतले, तर एजंटाचे खरेदीदाराच्या बाजूने नुकसान अवघे पाच हजारांचे. उलट व्यवहार फिसकटला, तर दोन्ही बाजू मिळून एक लाख ८० हजार रुपये बुडाले. म्हणून एजंटाची सारी धडपड भाव पाडण्यासाठी किंवा चढवण्यासाठी नसते, व्यवहार या महिन्यात उरकण्यासाठी असते. 'दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय' हे वाक्य याच हिशेबातून येते. त्यात एजंटाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. हिशेबच तसा आहे आणि ग्राहकाने तो आधी मांडून ठेवावा.

त्याच हिशेबाने, अर्धा टक्का कमी दलालीवर एजंट निवडणे हा अनेकदा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. ९० लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ४५ हजार रुपये. भाव चुकीचा लागला तर यापेक्षा किती तरी अधिक जाते. तेव्हा तुलना करायचीच, तर ती भावाच्या माहितीची करावी. तिघा एजंटांना एकच प्रश्न विचारावा : या गल्लीत गेल्या वर्षभरात नोंदणी झालेले शेवटचे तीन व्यवहार कोणते आणि कितीला झाले? 'इथे भाव अमुक चालू आहे' हे उत्तर नव्हे, तो मागितला जाणारा भाव असतो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चच्या सुविधेतून सूची क्रमांक दोन, म्हणजे 'इंडेक्स टू', पाहता येते. तिच्यात दस्ताची रक्कम आणि क्षेत्रफळ दोन्ही असतात. रोखीत दिलेला भाग तिच्यात दिसत नाही, हे खरे. तरीही एजंटाने सांगितलेले आकडे तिच्याशी ताडून पाहता येतात. जो क्षेत्रफळ न विचारता चटईक्षेत्रात सांगतो, 'सुपर बिल्टअप'च्या फुगवट्यात लपवत नाही, तो एजंट इथेच वेगळा उठून दिसतो.

दुसरी कसोटी कागदांची. आधीच्या खरेदीखतांची साखळी, भागपत्र, सोसायटीच्या थकबाकीचा दाखला, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि घरावर कर्ज असल्यास बँकेची शिल्लक सांगणारे पत्र. हे सारे टोकन देण्याआधी समोर ठेवणारा एजंट आणि 'टोकन द्या, मग मालक कागद देतील' म्हणणारा एजंट यांत निवड करताना फार विचार करावा लागू नये. टोकनही एजंटाच्या नव्हे, थेट मालकाच्या खात्यात आणि बँकेमार्फतच द्यावे. सोसायटीच्या नावाने मागितल्या जाणाऱ्या रकमांकडेही लक्ष हवे. महापालिका क्षेत्रात सदनिका हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्यापुढचा आकडा 'देणगी' म्हणून सांगणारा एजंट एक तर अजाण आहे किंवा फार जाणता.

भाड्याच्या घरात रक्कम लहान, पण फसगतीला वाव मोठा. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली ही रूढी आहे, कायदा नव्हे. त्यावर 'अ‍ॅग्रीमेंटचे' म्हणून सात-आठ हजार मागितले जातात, तेव्हा हिशेब करून पाहावा. ३० हजार भाडे, एक लाख परतावा ठेव आणि ११ महिन्यांची मुदत असेल तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क साधारण ८५० रुपये होते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. बाकीची रक्कम एजंटाच्या मेहनतीची. ती द्यायला हरकत नाही, पण सरकारच्या नावावर खपवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत या राज्यापुरती तरी चुकीची आहे. तीच सांगणारा एजंट नापास समजावा. दर ११ महिन्यांनी नूतनीकरणाची दलाली लागणार का आणि किती, हेही पहिल्या भेटीतच विचारावे. किल्ली हातात आल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्याला मनासारखे उत्तर क्वचितच मिळते.

या साऱ्या अटी कागदावर याव्यात, असा आग्रह धरणारे ग्राहक फार थोडे. वास्तविक त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ एजंटाविषयी पुरेसा स्पष्ट आहे. वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ सांगते. टोकन झाले की अर्धी दलाली द्या, ही मागणी म्हणूनच आधी लिहून ठरलेली असेल तरच मान्य करावी. मालकाला एक भाव आणि गिऱ्हाइकाला दुसरा सांगून मधला फरक खिशात घालण्याचा प्रकारही जुनाच. ज्याच्या वतीने काम करायचे त्याला अंधारात ठेवून एजंटाने स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर त्यातला लाभ मागण्याचा हक्क कलम २१६ त्या मालकाला देते. लेखी अटी एजंटाच्याही हिताच्या आहेत. घर त्याने दाखवायचे आणि ग्राहकाने संध्याकाळी परस्पर मालकाला गाठून दलाली वाचवायची, ही तक्रार वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे धंदा करणारे एजंट करतात आणि ती खोटी नाही.

फसवणूक झालीच, तर दार कोणते ठोठवायचे हे घर कोणत्या प्रकारचे यावर ठरते. नोंदणीकृत प्रकल्पातील खरेदी असेल तर एजंटाविरुद्ध थेट 'महारेरा'कडे पाच हजार रुपये शुल्क भरून तक्रार करता येते आणि त्याची नोंदणी रद्दही होऊ शकते. भाड्याच्या किंवा जुन्या घराच्या व्यवहारात ग्राहक आयोग आणि पैसे उकळले गेले असतील तर पोलिस ठाणे, हेच मार्ग उरतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न दलालीच्या पावतीचा येतो. वस्तू व सेवा कर लागू असलेल्या एजंटाच्या बिलावर १८ टक्के कर लागतो. तो वाचवण्यासाठी अनेक ग्राहक आपणहून रोख रक्कम देतात, बिल घेत नाहीत आणि पुढे तक्रारीच्या वेळी हातात दाखवायला काहीच नसते.