ऑटोमेशन नंतर, आधी 'जर-तर' लिहा



मागच्या व्हिडिओत आपण अ‍ॅन्सिबल बघितलं. कामांची यादी एका फाइलमध्ये लिहायची, एक कमांड द्यायची, सर्व्हर तयार. त्यावर बरेच जण म्हणाले, "सर, तयार फाइल द्या, आम्ही चालवतो." माझं मत ऐका. दुसऱ्याची फाइल डोळे झाकून चालवू नका. कामांची यादी कुणीही लिहील, खरी अक्कल लागते ती अटी लिहायला.

माझाच किस्सा सांगतो. हदगावच्या माझ्या दुकानाचं बिलिंग आणि उधारीचा हिशोब भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर आहे. नव्या सर्व्हरसाठी लिहिलेली फाइल एकदा मी चुकून जुन्यावरच चालवली. त्यात 'हिशोबाची कोरी फाइल टाका' असं एक काम होतं. आधीची फाइल आहे का, हे विचारणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. मशीननं सांगितलं तेवढं केलं. बॅकअप पाच दिवस जुना होता. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून विचारत बसलो, "भाऊ, तुमच्याकडे किती राहिले?" लोक इमानदार निघाले, पण माझी मान खाली गेली ती गेलीच.

ती राहिलेली ओळ म्हणजे 'व्हेन'. आधी 'स्टॅट'नं फाइल आहे का ते बघायचं, उत्तर 'रजिस्टर' करून ठेवायचं, आणि फाइल नसेल तरच पुढचं काम करायचं. आपण दुकानात हेच करतो की! मागची बाकी फेडली असेल तरच नवीन उधारी. एकाखाली एक दोन-तीन अटी लिहिल्या तर सगळ्या खऱ्या ठरल्यावरच काम होतं.

दुसरा उपयोग असा: अपाची वेब सर्व्हरच्या पॅकेजचं नाव उबुंटूवर 'अपाची२' आहे आणि आल्मालिनक्सवर 'एचटीटीपीडी'. दोन्ही प्रकारचे सर्व्हर असतील तर कोणती सिस्टिम आहे हे अटीत विचारा, नाहीतर एकीकडे काम अडकणार.

एक फसवी जागा पण सांगतो. कमांडसोबत 'नाव बरोबर किंमत' असं दिलेलं 'फॉल्स' हे मशीनसाठी 'नाही' नसतं, तो नुसता एक शब्द असतो. त्याच्यापुढे 'बूल' फिल्टर लावा.

पण प्रत्येक ओळीला अट चिकटवू नका. महिन्याभरानं तुम्हालाच ती फाइल कळणार नाही. जिथं डेटा पुसला जाऊ शकतो किंवा चालू दुकान बंद पडू शकतं, तिथं अट हवीच.

म्हणून फाइल चालवण्याआधी कागद घ्या. प्रत्येक कामापुढे लिहा: हे काम कधी करायचं *नाही*? उत्तर सुचलं की तीच तुमची अट. मग 'चेक मोड'मध्ये चालवून बघा, त्यात काय बदलेल ते दिसतं, प्रत्यक्ष बदल होत नाही. पण कमांड आणि शेलची कामं त्यात बहुतेक वगळली जातात, म्हणून त्याच्यावरच विसंबू नका. ताजा बॅकअप आधी घ्या.

मशीन घाई करतं. थांब म्हणायचं काम मालकाचं आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!