पदवीचे मोल आणि कर्जाचा हप्ता

प्रवेशाचे दिवस जवळ आले की व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीच्या जाहिरातींना भरते येते. टाय लावलेल्या तरुणांची हसरी छायाचित्रे, त्यांखाली कंपन्यांची बोधचिन्हे आणि या सर्वांच्या वर ठळक आकड्यांत छापलेले 'सर्वोच्च वार्षिक पॅकेज', असे या जाहिरातींचे ठरलेले रूप असते. त्याच सुमारास अनेक मध्यमवर्गीय घरांत आणखी एक कागद उघडलेला असतो. तो म्हणजे बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज. पहिल्या कागदावरील आकडा वाचून दुसऱ्या कागदावर सही केली जाते. या दोन कागदांच्या मधला हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो. मुलीच्या लग्नाचा किंवा घराच्या दुरुस्तीचा खर्च पैपैने जुळविणारे कुटुंब आयुष्यातील या मोठ्या गुंतवणुकीपुढे आकडेमोड विसरते, ही चिंतेची बाब आहे.

ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाल्या. मुंबईत जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. त्या काळी या शिक्षणाचा बहुतांश भार शासन उचलीत असे. पुढे चित्र पालटले. अहमदाबाद आदी संस्थांचे वार्षिक शुल्क दीड लाखावरून ३० हजारांवर आणण्याचा आदेश केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००४ मध्ये काढला, तेव्हा मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षीच्या सत्तांतरानंतर तो आदेश मागे पडला. २००८ मध्ये अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क साडेअकरा लाखांवर गेले. आज ते त्याच्या दुपटीहून अधिक आहे. ज्याला उद्या भरघोस वेतन मिळणार त्याने शिक्षणाचा खर्च स्वतः सोसावा, हा या शुल्कवाढीमागील युक्तिवाद होता. अहमदाबादपुरता तो ग्राह्यही धरता येईल. तथापि जिल्ह्याच्या गावी दोन मजली इमारतीत चालणाऱ्या संस्थांनीही तोच युक्तिवाद उसना घेतला. शुल्काचे अनुकरण सोपे असते; वेतनाचे अनुकरण तितके सोपे नसते.

शिक्षण ही गुंतवणूक आहे, हा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. दीर्घ शिक्षण घेतलेल्या माणसाची तुलना ॲडम स्मिथने महागड्या यंत्राशी केली होती. थिओडोर शुल्त्झ व गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात 'मानवी भांडवला'चा सिद्धांत मांडला. परंतु गुंतवणूक म्हटली की दोन प्रश्न अटळ ठरतात. एकूण खर्च किती, हा पहिला. आणि त्या खर्चामुळे मिळकतीत भर किती पडली, हा दुसरा. येथे 'भर' हा शब्द महत्त्वाचा आहे. पदवीधराचा सगळा पगार हे पदवीचे फळ नव्हे. ती पदवी नसती तरी त्याने काही मिळविलेच असते. ते वजा करून जे उरते तेवढेच पदवीचे फळ होय.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या माध्यमिक शिक्षकाचा वाणिज्य पदवीधर मुलगा महिना २० हजारांची नोकरी सोडून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जातो असे समजू. शुल्क, वसतिगृह व इतर खर्च मिळून १० लाखांचे कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने दोन समान वार्षिक हप्त्यांत उचलले जाते. अभ्यासक्रमाची दोन वर्षे व पुढील एक वर्ष परतफेडीस सवलत असते; परंतु व्याजाला सवलत नसते. ते सरळव्याजाने धरले तरी अडीच लाख होते आणि परतफेड सुरू होताना देणे साडेबारा लाखांवर पोहोचते. दहा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १६,५०० रुपये पडतो आणि १० लाखांपोटी जवळजवळ २० लाख रुपये फेडावे लागतात. शिवाय दोन वर्षांचा सोडलेला पगार ४ लाख ८० हजार. हा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता मिळकतीची बाजू पाहू. नोकरी न सोडता तो एव्हाना २३ हजारांपर्यंत पोहोचला असता असे धरू. पदवीनंतर त्याला ७० हजार मिळाले तर भर ४७ हजारांची. हप्ता भागवून ३० हजार हाती उरतात आणि सोडलेला पगार दीड वर्षाच्या आत भरून निघतो. असे कर्ज निःशंकपणे काढावे. ४० हजार मिळाले तर भर १७ हजारांची आणि हप्ता भरल्यावर उरतात पाचशेपेक्षाही कमी रुपये. आणि ३० हजारच मिळाले तर दरमहा साडेनऊ हजारांची तूट येते; म्हणजे पदवी मिळवून तो पूर्वीपेक्षा गरीब झाला. पदवी तीच, अभ्यासक्रमही बव्हंशी तोच. फरक पडतो तो केवळ नोकरीच्या पहिल्या पत्रातील आकड्याने.

यास्तव तो आकडा कोणता असण्याचा संभव आहे, हे जाणणे आवश्यक ठरते आणि नेमके तेथेच पालकांची दिशाभूल होते. दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला वर्षाला ६० लाख व नऊ जणांना प्रत्येकी ५ लाख मिळाले तर सरासरी साडेदहा लाख येते. हे वेतन त्या दहांपैकी एकालाही मिळालेले नसते! अशा ठिकाणी पाहावयाचा तो मध्यक. म्हणजे सर्वांना वेतनाच्या क्रमाने उभे केल्यावर अगदी मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचे वेतन. राष्ट्रीय संस्थात्मक मानांकनासाठी संस्थांना हा आकडा द्यावा लागतो आणि तो पाहता येतो. मात्र तोही ज्यांना नोकरी लागली त्यांचाच मध्यक असतो. ज्यांना लागली नाही ते या हिशेबातून गळतात. शिवाय 'पॅकेज' म्हणजे हाती येणारा पगार नव्हे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदान, विमा, कामगिरीवर अवलंबून असणारा बोनस या सर्वांची ती बेरीज असते. हप्ता मात्र रोखीने द्यावा लागतो.

या बाबतीत बँका पालकांहून अधिक सावध असतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास शासकीय हमी निधीचे छत्र आहे. त्यापलीकडे सर्वसाधारणतः घर, जमीन वा मुदत ठेव तारण मागितली जाते. मात्र निवडक नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना याहून मोठी रक्कम विनातारण व कमी व्याजाने मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेतील विनातारण, विनाजामीन कर्जही मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांपुरतेच आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. बँक जेव्हा घराचे कागद मागते, तेव्हा त्या पदवीविषयीचे आपले मतच ती सांगत असते. ते मत ऐकून न घेता, निवृत्तीला चार वर्षे उरलेला लिपिक सहकर्जदार म्हणून सही करतो आणि मुलाच्या नोकरीची जोखीम आपल्या निवृत्तिवेतनावर ओढवून घेतो. संस्थेचे शुल्क तर आगाऊ जमा झालेले असते. तिच्या वाट्याला कोणतीच जोखीम येत नाही.

शिक्षणाचे मोल रुपयांत करू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. साहित्य वा इतिहासाच्या अध्ययनाबाबत तो शिरोधार्य आहे. परंतु जी पदवी वेतनाचा आकडा पुढे करूनच विकली जाते, तिला त्याच तराजूत तोलणे अन्यायाचे नाही. दुसरा आक्षेप असा की, प्रारंभी पगार कमी असला तरी पुढे तो वाढतो. हे खरे आहे. पण पदवी न घेतलेल्याचा पगारही वाढतच असतो आणि हप्ता पहिल्याच वर्षापासून दारात उभा राहतो. शिवाय पदवी हा मालकाला उमेदवाराच्या गुणवत्तेचा दिला जाणारा संकेत असतो, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. तो संकेत प्रत्येकाच्याच हाती आला की त्याचे मोल घसरते. शुल्क मात्र घसरत नाही.

उपाय दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमान्वये शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क त्यांच्या खर्चावरून ठरविते. त्याच्या जोडीने, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या रोख वेतनाचा मध्यक किती, हे लेखापरीक्षित आकडे प्रवेश-अर्जावरच छापण्याची सक्ती झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून शिक्षणाच्या देण्याची परतफेड मिळकतीशी जोडली आहे. मिळकत ठरावीक मर्यादेच्या वर गेल्याखेरीज तेथे वसुली सुरू होत नाही. आपल्याकडे मिळकतीची नोंद ठेवण्याची अडचण असली, तरी ज्याचा पगार थेट बँकेत जमा होतो अशांपुरता हा प्रयोग अशक्य नाही.

तोवर मात्र हिशेब कुटुंबालाच करावा लागेल. संस्थेत जाऊन मध्यक विचारावा, गेल्या दोन वर्षांच्या सामान्य विद्यार्थ्यांना भेटावे, वाढीव मिळकत आणि हप्ता शेजारी शेजारी लिहावेत. नोकरी सांभाळून सायंकाळच्या वर्गात तीच पदवी घेता येत असेल तर तो मार्ग कमीपणाचा मानू नये; कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या शिकवणुकीवर वाढलेल्या महाराष्ट्राने तर नाहीच नाही. मुलाच्या महत्त्वाकांक्षेला आवर घालणे हा या हिशेबाचा हेतू नाही. त्याच्या तारुण्याची पहिली दहा वर्षे कोणाच्या नावे लिहून द्यावयाची, हे सहीपूर्वी समजून घेणे एवढाच तो आहे.