पावसाच्या बाजूचे पत्रे

कोकणातील अनेक जुन्या घरांची पावसाच्या माऱ्याची भिंत सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांनी झाकलेली असते. डागडुजी निघाली की कारागिराचा पहिला हातोडा बहुधा तेथेच पडतो. आपण घरातील वडीलधारे असाल, तर त्याला तत्क्षणी थांबवावे.

या जुन्या करड्या पत्र्यांत सहसा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. तो फुटला वा कापला गेला की डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात खोल रुतते. फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग त्यातून उद्भवू शकतो, पण बहुधा २० ते ४० वर्षांनी. ‘माझे आता वय झाले, मला काय होणार?’ हे म्हणणे एकवेळ मान्य करू. अंगणात खेळणाऱ्या नातवंडांपुढे मात्र तेवढी वर्षे आहेत.

पत्रे सुस्थितीत असतील, तर न घासता वरून रंगाचा हात देऊन तसेच राहू द्यावेत. काढणे अपरिहार्यच असेल, तर काम जाणत्या माणसांकडून करवून घ्यावे. आपण स्वतः शिडीवर चढू नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते! वरचा पत्रा खालच्यावर चढवलेला असतो, म्हणून प्रारंभ वरूनच करावा. आधी साबण मिसळलेल्या पाण्याची हलकी फवारणी करून पत्रा भिजवावा व कामभर ओला ठेवावा. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशी तेल सोडावे. तरीही न सुटल्यास कातरीने हुक तोडावा, पत्रा नव्हे. ग्राइंडर तर नकोच. सुटलेला पत्रा दोघांनी धरून अखंड उतरवावा. असे केल्याने मागचा गिलावाही शाबूत राहतो.

कामकऱ्यांच्या तोंडाला रुमाल पुरत नाही, साधी एन-९५ मुखपट्टीही नाही; निदान पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाची, चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी हवी. दम्याच्या रुग्णाला त्या दिवशी नातलगांकडे पाठवावे, दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे आणि कामाचे कपडे न झटकता वेगळे धुवावेत.

उतरवलेले पत्रे फोडून वाटेवर भर म्हणून टाकण्याची रीत आपल्याकडे आहे. ती घातक आहे, कारण पायांखाली तेच तुकडे रोज भरडले जातात. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून ठेवावेत आणि त्यांची विल्हेवाट कोठे लावता येईल, याची चौकशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात काम काढण्यापूर्वीच करावी.