बातमी घरात वाचू या



पावसाळ्यात मुक्ताईनगरच्या घराघरांत एक बातमी हमखास येते: हतनूर धरणाचे दरवाजे उघडले. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. पोरांना मात्र तिथंच थांबवावं. हे पाणी आलं कुठून, जाणार कुठं? नकाशा पुढ्यात घेऊन मुलताईपासून बोट फिरवायला सांगावं. तिथं उगम पावलेल्या तापीला आपल्या चांगदेवला पूर्णा मिळते. मग हतनूर, पुढं उकाई आणि शेवटी सुरत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडालं होतं, हेही सांगावं. आपल्या गावावरून गेलेली नदी दुसऱ्याच्या घरात शिरू शकते, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. केळीचा भाव पडला, की त्याची कारणंही अशीच शोधता येतात.

मुलांना बातमीतून जग दाखवण्याची ही रीत खानदेशाला नवी नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. जग समजून घ्यायला मूल मोठं होण्याची वाट पाहायची नसते, हे त्या कामातून दिसतं.

आज बातमी मागावी लागत नाही, ती मोबाइलवर येऊन आदळते. म्हणून काळजी वाढली आहे. १ जुलै २०१८ रोजी खानदेशातल्याच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली होती. अफवा मुलांच्या नावानं उठली आणि तिच्यावर विश्वास ठेवला मोठ्यांनी. ‘हे कोणी पाहिलं?’ हा एक प्रश्न वेळेवर विचारण्याची सवय किती मोलाची, हे आपल्याच मातीनं इतकी किंमत देऊन सांगितलं आहे.

ही सवय घरातच लागते. रात्रीच्या जेवणानंतर एकच बातमी घ्यावी. हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, याची झळ कोणाला बसणार, एवढंच विचारावं. तीच बातमी दुसऱ्या वर्तमानपत्रात कशी आली, तेही पाहावं. उत्तर येत नसेल तर ‘उद्या शोधू’ म्हणावं आणि खरंच शोधावं. लहानग्यांना युद्धाची, अपघाताची दृश्यं दाखवू नयेत. त्यांनी विचारलं तर झेपेल एवढं खरं सांगावं. निवडणुकीच्या दिवसांत आपलं मत जरूर सांगावं, पण ते आपलं मत आहे हेही सांगावं. पोराचं मत वेगळं निघालं तर त्याला गप्प करू नये.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी असतात, फराळाला पाहुणेही येतात. मोठ्यांच्या गप्पांत मुलांनाही बसवा, प्रश्न विचारू द्या. प्रश्न विचारणारी मुलं घडली तर अफवेला या मुलखात थारा मिळणार नाही.



– संपादक