इन्सुली घाटातील सायकलफेरी
झाराप-पत्रादेवी महामार्गाने बहुतेक अवजड वाहतूक आपल्याकडे ओढून घेतल्यापासून सावंतवाडीहून इन्सुली घाटाने बांद्याला उतरणारा जुना रस्ता सामुदायिक सायकलफेरीस अनुकूल झाला आहे; परंतु तिचा बंदोबस्त पाहणाऱ्यांनी तिला शर्यतीचे स्वरूप देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटरसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते, क्रमांक मात्र कोणालाच दिला जात नाही. मग गावच्या फेरीत चषकाचा हव्यास कशाला? पोलीस ठाण्यास आगाऊ वर्दी द्यावी, वळणांवर स्वयंसेवक उभे करावेत, आणि सर्वांत मागे एक अनुभवी सायकलस्वार नेमून, चढावर दमलेल्या शाळकरी मुलीला वा साठी उलटलेल्या गृहस्थाला एकटे पडू न देण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. पावसाळ्यात निसरड्या उतारावर फेरी नेऊच नये.