लोहगड जागतिक वारसा झाला, पण पायथ्याशी गाडल्या गेलेल्या वस्तीचं काय?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात मावळातला लोहगडही आहे. तेव्हापासून विंचूकाट्याचे रील्स आणखी वाढलेत. पण मावळचा इतिहास गडाच्या तटबंदीत संपत नाही. त्यातला मोठा भाग अजून जमिनीखाली आहे.

कोणती वस्ती?

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी शिलालेख आहेत. लेण्याला दान देणाऱ्यांची नावं त्यात आहेत, आणि अनेकांच्या गावाचं नाव एकच आहे: धेनुकाकट. त्यात सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे आणि खांब दान करणारे 'यवन' म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशीही आहेत. कल्याण, सोपारा बंदरांतला माल बोरघाट चढून याच वाटेने देशावर जायचा.

मग ते गाव कुठे आहे?

यावर एकमत नाही. दा. ध. कोसंबी यांच्या मते ते कार्ल्याच्या परिसरातच असावं. काही अभ्यासकांनी ते थेट आंध्रात शोधलं. उत्खननातून पक्का पुरावा मिळेपर्यंत हा वाद मिटणार नाही.

उत्खननाने काय साधतं?

ब्रिटनमधल्या विंदोलांडा या रोमन किल्ल्याचं उदाहरण घ्या. तिथे किल्ल्याबरोबर बाहेरची नागरी वस्तीही खणली गेली. चिखलात टिकलेल्या लाकडी पट्ट्यांवर चक्क वाढदिवसाचं आमंत्रण सापडलं. तटबंदीवरून सत्ता कोणाची होती ते कळतं, पण माणसं कशी जगत होती हे वस्तीच सांगते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लोहगड, कार्ले आणि भाजे लेणी यांना हे संरक्षण आहे. पण ज्या वस्तीची जागाच ठरलेली नाही, तिच्यासाठी अंतर मोजायचं कुठून?

दुसरा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत पुरलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे सोन्याचं नाणं निघालं तर कायदा लागू होतो. पण फुटक्या खापरांना बाजारात किंमत कोण देणार?

धोका नेमका काय?

अभ्यासकांसाठी हीच खापरं गावाचा पत्ता असतात. खापर कोणत्या थरात, कशाशेजारी होतं यावरून काळ ठरतो. बंगल्याच्या पायासाठी जेसीबीने माती उपसली की हे थर कायमचे विस्कटतात.

मावळात सध्या जमिनीला सोन्याचा भाव आहे. त्यामुळे बांधकामाची परवानगी देण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी हाच खरा उपाय ठरतो. तोपर्यंत पाया खणताना जुनी खापरं, विटा किंवा मणी दिसले, तर काम थांबवून जागेवरच फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. धेनुकाकटचा पत्ता कदाचित त्याच मातीत असेल.