हार घातलात, आता अर्जही बघा

गावकऱ्यांनो, निवृत्त गुरुजी-बाईंनो, पतसंस्था आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनो,

आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या मुलांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागतात, गुणगौरव होतो, शाल-श्रीफळ मिळतं. मिळायलाच हवं. पण त्याच मुलांना दोन वर्षांनी विचारा, पैसे खात्यात येतात का? ‘पहिल्या वर्षी आले होते’ असंही उत्तर मिळेल.

ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती योजना 2008 पासून आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि मूल सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर परीक्षेला बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. शहरात एखाद्या क्लासची फीसुद्धा यात भागणार नाही. पण दहावीनंतर गावात कॉलेज नसेल, तर तालुक्याच्या गावी खोलीचं भाडं आणि मेस यांच्यावरच सायन्स घ्यायचं की नाही हे ठरतं. मुलीच्या शिक्षणाला सरकारचे पैसे येतायत म्हटल्यावर घरात स्थळ बघण्याची घाईही जरा मागे पडते. शिवाय निवड झालेल्या मुलाला शिक्षक पुढच्या परीक्षांची माहिती आपणहून देऊ लागतात. हा फायदा रकमेपेक्षा कमी नाही.

अडतं ते कागदांवर. परीक्षेत निवड झाली तरी नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचं नूतनीकरण. शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘दन्यानेश्वर’ असलं की अर्ज अडकतो. ओटीपी ज्या नंबरवर जातो त्याचा रिचार्ज संपलेला, आणि वडील ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर. अकरावीला कॉलेज बदललं की तिथल्या नोडल शिक्षकाने पडताळणी केली पाहिजे, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. शिष्यवृत्ती पुढे चालू राहायला दहावीत 60 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट), हेही बऱ्याच घरांत माहीत नसतं.

हुशार मुलांसाठीची दुसरी शिष्यवृत्ती, राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, 1963 पासून होती, ती 2021 नंतर थांबली. उरलेली ही शिष्यवृत्ती तरी गळू देऊ नका.

म्हणून मागणं एवढंच. यंदा फ्लेक्स छापू नका. छापायचाच असेल तर लहान छापा. निवड झालेल्या प्रत्येक मुलामागे गावातलं एक जाणतं माणूस बारावीपर्यंत ठेवा. उत्पन्नाचा दाखला, आधारवरच्या नावाची दुरुस्ती, आधार जोडलेलं बँक खातं, दरवर्षीचं नूतनीकरण, एवढं त्याने बघायचं. सेतू केंद्रात एक सकाळ मोडेल, फार तर दोन. हे काम मुख्याध्यापकांच्या गळ्यात घालू नका, त्यांच्याकडे आधीच ढीगभर ऑनलाइन कामं आहेत.

परीक्षा पास झालेली, पण निवड यादीत न आलेली मराठा-कुणबी समाजातली मुलंही शोधा. त्यांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेकडून वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यासाठी वेगळा अर्ज आहे.

येत्या सोमवारी शाळेत जा आणि मागच्या तीन वर्षांची यादी मागा. अकरावी-बारावीत गेलेल्यांची नावं आधी घ्या, त्यांची मुदत सर्वांत कमी उरली आहे.